नेम आणि नियम

मराठी भाषेंत 'नेम' हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात. घरांतील वडील माणूस पहांटे उठून स्नानसंध्या आटोपतो, पोथीचा एक अध्याय वाचतो आणि मगच तोंडाला चहा लावतो, तो त्याचा नेम. शिकारी एक डोळा मिटून, श्वास आवरून, नळीच्या टोंकावरील माशी सावजाशीं जुळवितो, तोहि नेमच. एकाच शब्दाच्या पोटांत व्रत आणि वेध असे दोन अर्थ नांदावे, यांतील औचित्य ज्या एका विद्येंत पूर्णपणें प्रत्ययास येतें, ती विद्या म्हणजे लहान नळीच्या रायफलीनें करावयाची चढाओढीची नेमबाजी. इंग्रजींत तिला 'स्मॉल बोअर' असें नांव आहे. दुरून पाहणाऱ्यास ही केवळ डोळ्याची व हाताची करामत वाटते. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे कळतें कीं, या खेळाचा निम्मा भाग नियमांचा आहे. आणि ते नियम कशासाठीं झाले हें समजल्यावांचून खेळांतली गोडी कळावयाची नाहीं.

प्रथम ही बंदूक कोणती तें पाहूं. हिच्या नळीचें माप .२२ इंच, म्हणजे सुमारें ५.६ मिलिमीटर. काडतूस बोटाच्या दोन पेरांएवढेंहि नसतें. खांद्याला बसणारा दणका सौम्य, आवाज थोडा, आणि मोठ्या बंदुकीच्या मानानें खर्चहि कमी. हिचा प्रसार झाला तो मात्र एका मोठ्या युद्धामुळें. दक्षिण आफ्रिकेंत १८९९ पासून १९०२ पर्यंत इंग्रजांचें बोअर लोकांशीं युद्ध चाललें होतें. बोअर शेतकरी लहानपणापासून बंदूक हाताळलेला. त्याचा अचूक नेम पाहून इंग्रजांच्या कवायती पलटणींची त्रेधा उडाली. त्या युद्धांतील इंग्रज सेनापति लॉर्ड रॉबर्ट्स याचा जन्म १८३२ सालीं कानपुरास झालेला, आणि त्याची सारी उमेद हिंदुस्थानांतील सैन्यांत गेलेली. इंग्लंडांतील सामान्य माणसाला नेम धरतां आला पाहिजे, या विचाराचा त्यानें हिरिरीनें पुरस्कार केला. परंतु गिरणींत राबणाऱ्या कामगारास मैलभर मोकळें मैदान कोठून मिळावें? त्याचें उत्तर या लहान बंदुकीनें दिलें. पंचवीस यार्डांचें एकादें सभागृह, तळघर किंवा वखार मिळाली कीं नेमबाजीचा आखाडा सुरू. १९०१ मध्यें कामगारांच्या रायफल क्लबांची एक संस्था निघाली. पुढें तिच्या नांवांत 'मिनिएचर' हा शब्द आला, आणि १९४७ पासून ती 'नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन' या नांवानें चालत आली आहे.

अशा रीतीनें लढाईच्या चिंतेंतून निघालेली विद्या हळूहळू खेळ बनली. आणि ती खेळ बनतांच पहिला प्रश्न उभा राहिला तो असा कीं, कोणाची तुलना कोणाशीं करावयाची?

कसलेला नेमबाज आणि काल बंदूक हातीं धरलेला शिकाऊ यांना एका ओळींत बसविलें, तर निकाल आधींच ठरलेला. शिकाऊ दोनदां हरेल, तिसऱ्यांदा येणारच नाहीं. मराठी दुसऱ्या इयत्तेंतील मुलाला मॅट्रिकचा पेपर देऊन तो नापास झाला म्हणून त्याला ढ ठरविणारा गुरुजी जसा अन्यायी, तशीच ही स्पर्धा. म्हणून इंग्लंडांतील क्लबांत सरासरी गुणांप्रमाणें वर्ग पाडण्याची चाल पडली. तेथें टपालानें होणारे सामने हा एक मौजेचा प्रकार आहे. दोन गांवांचे क्लब एकमेकांकडे न जातां आपापल्या घरींच गोळ्या झाडतात, भोंकें पडलेलीं कार्डें साक्षीदारांच्या सह्यांनिशीं टपालांत टाकतात, आणि निकाल पत्रानें कळतो. प्रतिस्पर्ध्याचें तोंडहि न पाहतां वर्षानुवर्षें असे सामने चालतात; त्यांचा सारा पाया एकमेकांवरील विश्वास. अमेरिकेंत १८७१ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशननें मार्क्समन, शार्पशूटर, एक्स्पर्ट आणि मास्टर अशा पायऱ्या पाडल्या. नोंदलेल्या सामन्यांतील गुणांवरून माणसाची पायरी ठरते. गुण वाढले कीं तो वर चढतो आणि खालच्या वर्गांतील बक्षिसावरचा त्याचा हक्क संपतो. मुद्दाम खालच्या वर्गांत रेंगाळून सोपें बक्षीस मिळवूं पाहणाऱ्याला आवर घालण्यासाठीं ही व्यवस्था अवश्य असते. मात्र या वर्गवारीचा खरा लाभ निराळाच आहे. सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसालाहि आपल्या बरोबरीचा कोणी तरी भेटतो, आणि पुढची पायरी डोळ्यांसमोर दिसत राहते.

आतां जागतिक स्पर्धांकडे वळूं. तेथें वर्गांची ही सवलत नाहीं. सारे एका रांगेंत. या स्पर्धांचे नियम १९०७ मध्यें स्थापन झालेला नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ ठरवितो. त्याची कचेरी म्युनिक शहरीं आहे. अंतर ५० मीटर. पांढऱ्या भूमीवर काळें मंडल आणि एकांत एक अशीं दहा वर्तुळें. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १५४.४ मिलिमीटर, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा पन्नास मीटरांवरून वेधावयाची. गोळीचा नुसता स्पर्श रेषेला झाला, तरी वरचा गुण मिळतो. मुख्य प्रकार तीन पवित्र्यांचा. वीस गोळ्या गुडघा टेकून, वीस पालथें पडून, आणि वीस उभ्यानें. एकूण साठ गोळ्या, सहाशें गुण, आणि वेळ नव्वद मिनिटें. उघड्या मैदानांत वाऱ्याची झुळूक आली कीं ही हलकी गोळी बाजूला सरते. म्हणून नेमबाज एक डोळा निशाणावर आणि दुसरा, म्हटलें तर, वाऱ्याच्या छोट्या निशाणांवर ठेवून बसतो.

या पवित्र्यांचे नियम वाचतांना भूमितीचें पुस्तक उघडल्याचा भास होतो. उजव्या हाताच्या माणसानें गुडघा टेकला, तर त्याचा जमिनीला स्पर्श तीनच ठिकाणीं: उजव्या पायाचा चवडा, उजवा गुडघा आणि डावें पाऊल. डावें कोंपर गुडघ्याच्या टोंकापुढें १०० मिलिमीटरांहून किंवा मागें १५० मिलिमीटरांहून अधिक जातां कामा नये. पालथें पडल्यावर डाव्या हाताचा कोंपरापुढील भाग जमिनीशीं निदान ३० अंशांचा कोन करील, याहून आडवा होणार नाहीं. बंदुकीस बांधलेला चामडी पट्टा या दोन पवित्र्यांत दंडाला अडकवितां येतो. उभ्यानें नेम धरतांना तो चालत नाहीं. बंदुकीवर दुर्बीण नाहीं. अंगांतील जाकिटाचें कापड एकेरी २.५ मिलिमीटरांहून जाड नाहीं, आणि तें किती ताठ असावें यासहि मर्यादा आहे. हीं मापें स्पर्धेपूर्वींच नव्हे, तर स्पर्धेनंतरहि तपासतात.

इतकी कीस काढण्याचें कारण काय? कारण असें कीं, जाड आणि ताठ जाकीट घातलें, तर उभें राहण्याचें काम पाठीच्या कण्याऐवजीं कापड करूं लागतें. हात जमिनीवर आडवा पसरला, तर तोल सांभाळण्याचें काम स्नायूंऐवजीं जमीन करूं लागते. मग जो अधिक पैसे टाकील किंवा अधिक युक्ति लढवील, त्याचा नेम चांगला ठरेल. स्पर्धेला मोजावयाचें असतें तें माणसाचें स्थैर्य; शिंप्याचें कसब नव्हे. जेथें जेथें साधन माणसाची जागा घेऊं लागलें, तेथें तेथें एक नवा नियम आडवा उभा राहिला. नियमांची वही जाड होत गेली ती अधिकाऱ्यांच्या हौसेनें नव्हे, खेळाडूंच्या कल्पकतेनें.

मोजपट्टीचीहि हीच कथा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत पालथें पडून करावयाच्या नेमबाजींत नॉर्वेच्या विली रोगेबर्ग यानें तीस गोळ्यांत ३०० पैकीं ३०० गुण मिळविले. पट्टीच अपुरी पडली! पुढें गोळ्या साठ झाल्या, निशाणावरील वर्तुळें लहान झालीं. तरीहि १९७२, १९७६, १९८० आणि १९८४ या चारहि ऑलिंपिकांत या प्रकाराचें सुवर्णपदक ५९९ गुणांवर गेलें. आणि १९८८ मध्यें सेऊल येथें झेकोस्लोव्हाकियाचा मिरोस्लाव वार्गा ६०० पैकीं ६०० गुणांवर पोहोंचला. साऱ्याच उत्तम विद्यार्थ्यांना शंभरांपैकीं शंभर मिळूं लागले, तर परीक्षकाला प्रश्नपत्रिका बदलावी लागते. त्याच वर्षीं ऑलिंपिकांत पहिल्या आठ जणांची निराळी अंतिम फेरी आली. तींत प्रत्येक वर्तुळाचे आणखी दहा भाग कल्पून दशांशांत गुण मोजावयाचे, म्हणजे उत्तमांत उत्तम गोळीस १०.९. डोळ्यांना एकसारख्याच दिसणाऱ्या दोन दहांमधील अंतर असें पट्टीवर आलें.

परंतु नियम कितीहि बारीक केला, तरी एकादा प्रसंग असा येतो कीं, नियम आणि न्याय क्षणभर एकमेकांकडे पाहत उभे राहतात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकांत तसें घडलें. त्या काळीं रायफलीच्या स्पर्धेंत स्त्री-पुरुष हा भेद नव्हता. सारे एकत्र लढत. तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत अमेरिकेचा लॅनी बॅशम आणि अमेरिकेचीच मार्गरेट मर्डॉक या दोघांनाहि ११६२ गुण मिळाले. बरोबरी झाल्यास पुन्हा गोळ्या झाडावयाच्या नसून, आधींच्याच गोळ्यांचा तपशील पाहून निकाल लावावयाचा, असा तेव्हांचा नियम होता. त्या तपशिलानें सुवर्णपदक बॅशमला आणि रौप्यपदक मर्डॉकला दिलें. दोन सुवर्णपदकें द्यावीं असें बॅशमचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं. तेव्हां राष्ट्रगीताच्या वेळीं त्यानें मर्डॉकला हात देऊन आपल्या पायरीवर ओढून घेतलें, आणि दोघेंहि एकाच उंचीवर उभीं राहिलीं. नेमबाजींत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली स्त्री. नियम मोडला नाहीं, निकाल बदलला नाहीं. पण नियमाला जें करतां आलें नाहीं, तें माणसानें केलें.

पुढें १९८४ पासून स्त्रियांसाठीं रायफलीच्या निराळ्या स्पर्धा ठेवण्यांत आल्या. त्यामुळें अधिक स्त्रियांना संधि मिळाली हें खरें. पण त्यांना गोळ्या मात्र पुरुषांच्या निम्म्याच, एकशेंवीसऐवजीं साठ, ठेवल्या गेल्या. मर्डॉकनें पुरुषांच्या बरोबरीनें गोळ्या झाडून बरोबरी साधल्यानंतर हा निम्मेपणा कोणत्या युक्तिवादावर टिकला, हें सांगणें कठीण आहे. २०१८ मध्यें तो भेद गेला. आणि तोकियोच्या ऑलिंपिकानंतर दोघांच्याहि गोळ्या साठ झाल्या. वर्ग पाडणें न्यायाचें केव्हां आणि अन्यायाचें केव्हां, याचा हा चांगला धडा आहे. दुर्बळाला दार उघडून देण्यासाठीं पाडलेला वर्ग न्यायाचा. एकाद्याला आधींच दुर्बळ समजून पाडलेला वर्ग अन्यायाचा.

याच कसोटीवर अपंग खेळाडूंची वर्गवारी पाहण्यासारखी आहे. तेथें दोन मुख्य वर्ग आहेत. ज्याला बंदुकीचा भार आपल्या हातांनीं पेलतां येतो, तो एका वर्गांत. ज्याला त्यासाठीं आधाराची घोडी लागते, तो दुसऱ्या वर्गांत. रोग कोणता, अपघात कसा झाला, हें वर्ग ठरवितांना गौण. शरीराला या खेळापुरतें काय करतां येतें, एवढेंच मुख्य. जयपूरची अवनी लेखरा हिनें २०२१ मध्यें झालेल्या तोकियो पॅरालिंपिकांत पहिल्या वर्गांतून हवेच्या रायफलीचें सुवर्णपदक आणि या लहान नळीच्या रायफलीच्या तीन पवित्र्यांचें कांस्यपदक मिळविलें. 'तुम्हांला काय येत नाहीं' असें न विचारतां 'काय येतें' असें विचारणारी वर्गवारी काय साधते, त्याचें हें उदाहरण.

नियम कठोरहि असतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकांत अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यानें त्याचें प्रत्यंतर घेतलें. स्पर्धांपूर्वीं कांहीं महिने त्याची बंदूक कोणी तरी बिघडवून ठेविली होती. तरी सहकाऱ्याची बंदूक घेऊन त्यानें पालथें पडून करावयाच्या प्रकारांत सुवर्णपदक जिंकलें. तीन पवित्र्यांच्या अंतिम फेरींत एकच गोळी उरली असतां तो तीन गुणांनीं पुढें होता. एकादा सामान्य नेमहि त्याला दुसरें सुवर्ण देऊन गेला असता. त्यानें गोळी झाडली. ती निशाणाला लागलीहि. पण त्याच्या पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं. पंच जमले. शोध घेतां असें दिसलें कीं, एमन्सनें शेजाऱ्याच्या निशाणावर नेम धरला होता. दुसऱ्याच्या निशाणाला लागलेली गोळी ही न लागलेली गोळी. गुण शून्य. पहिला असलेला माणूस आठवा झाला, आणि सुवर्णपदक चीनच्या जिया झानबो याला मिळालें.

त्या दिवशीं पंचांनीं दया दाखविली असती, तर? गोळी तर चांगलीच लागली होती. मन तर निष्पाप होतें. पण 'माझा हेतु दुसराच होता' ही सबब एकदां मान्य केली, कीं पुढच्या प्रत्येक चुकलेल्या गोळीला एक हेतु चिकटेल. शिवाय ज्या खेळांत हातीं प्राणघातक वस्तु असते, तेथें गोळी कोठें जाते आहे हें जाणणें हाच पहिला धर्म. म्हणून या मैदानावर हुकूम झाल्यावांचून बंदूक भरावयाची नाहीं, नळीचें तोंड निशाणाखेरीज दुसरीकडे वळवावयाचें नाहीं, आणि 'थांबा' म्हणतांच थांबावयाचें. एमन्सनें तो निकाल तक्रार न करतां स्वीकारला. त्या संध्याकाळीं त्याचें सांत्वन करावयास चेक देशाची नेमबाज कातेरिना कुरकोव्हा आली. २००७ मध्यें त्या दोघांचा विवाह झाला. २००८ मध्यें पुन्हा शेवटच्या गोळीनें त्याला दगा दिला, ती ४.४ वर गेली आणि तो पहिल्यावरून चौथा झाला. तरीहि तो पुन्हा आला, आणि २०१२ मध्यें लंडन येथें कांस्यपदक घेऊन गेला.

आपल्या देशांत या खेळाची राष्ट्रीय संस्था १९५१ मध्यें स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा राष्ट्रीय सामन्यांच्या वाटेवरील एक महत्त्वाची पायरी होऊन बसली आहे. येथील वर्गवारीला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे बंदूक व काडतुसें हीं बाजारांत जाऊन सहज घेण्याची वस्तु नव्हे. ठराविक गुण मिळवून 'रिनाउन्ड शॉट', म्हणजे नामांकित नेमबाज, ही पदवी मिळाली कीं शस्त्रकायद्यानें आयातीच्या कांहीं सवलती मिळतात. म्हणून येथें दोन-चार गुणांचा प्रश्न हा केवळ मानाचा नसून पुढें सराव कसा करावयाचा याचाहि असतो.

त्या पायऱ्या चढून कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनें २०१० मध्यें म्युनिक येथें पालथें पडून करावयाच्या प्रकारांत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद घेतलें. आणि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत तीन पवित्र्यांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. एमन्सची गोळी चुकली त्याच अथेन्स ऑलिंपिकांत महिलांच्या स्पर्धेंत उतरलेल्या दीपाली देशपांडे या स्वप्निलच्या मार्गदर्शक, हाहि एक योग. पात्रता फेरींत स्वप्निलला ५९० गुण मिळून तो सातवा आला. त्याचाच सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याला ५८९ गुण मिळाले; तो अकरावा ठरून बाहेर राहिला. साठ गोळ्यांत एका गुणाचें अंतर! आठांची रेषा कोठें तरी ओढावीच लागते. आणि ती जेथें ओढाल, तेथें पलीकडे कोणी तरी उभा असतोच.

उलट दुसऱ्या एका नियमानें स्वप्निलला हात दिला. एमन्सच्या काळीं पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरींत जमेस धरीत. तो नियम कायम असता, तर पहिल्या आलेल्या चीनच्या लियू युकुन याच्याहून, म्हणजे ५९४ गुणांच्या मानकऱ्याहून, स्वप्निल चार गुणांनीं मागें राहून सुरुवात करता. २०१३ पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊं लागली. दीड तासाची कमाई अशी पुसून टाकणें न्याय्य कीं अन्याय्य, याविषयीं जाणत्यांत दोन मतें असूं शकतील. पण नियम आठांनाहि सारखाच होता. स्वप्निल आरंभीं मागें पडला, आणि उभ्यानें नेम धरण्याच्या सर्वांत अवघड पवित्र्यांत एकेक पायरी वर चढत ४५१.४ गुणांवर तिसरा आला.

तात्पर्य, श्रोतेहो, हे नियम कधीं कठोर, कधीं अपुरे, कधीं चुकीचेहि ठरले आहेत. आणि चुकीचे ठरले तेव्हां ते बदललेहि आहेत. पण स्पर्धा चालू असतां खेळाडू ते पाळतो, आणि बदलावयाचे तर स्पर्धा संपल्यावर बदलतो. मर्डॉकला वर ओढून घेणारा बॅशम, शून्य गुण मुकाट्यानें घेणारा एमन्स, एका गुणानें बाहेर राहिलेला तोमर, या तिघांनाहि नियमानें जें दिलें तें पुरेसें नव्हतें. तरी त्यांच्याच या वागण्यामुळें स्वप्निलच्या पदकाला किंमत आहे. पहांटेची पोथी वाचणाऱ्याचा नेम एक दिवस मोडला, तर तो कोणाला दिसत नाहीं. त्याचा त्यालाच तेवढा ठाऊक असतो. बंदुकीचा नेम चुकला तर तो साऱ्या जगाला दिसतो. पण दोन्ही नेम ज्या ठिकाणीं धरावयाचे, तें ठिकाण एकच आहे, आणि तें पन्नास मीटरांवर नाहीं.